विमान वाचले की माणूस?

४ जानेवारी २०२२ रोजी दक्षिण कोरियातील सोसान येथील हवाई तळावर एफ-३५ए जातीचे एक लढाऊ विमान चाके न उघडताच धावपट्टीवर पोट घासत उतरले. सराव-उड्डाण चालू असता सुमारे दहा किलो वजनाचा एक गरुड विमानाच्या डाव्या बाजूच्या हवेच्या मार्गात ओढला गेला. आतील पडदी फोडून तो शस्त्रकक्षापर्यंत पोचला. हायड्रॉलिक नळ्या आणि विजेच्या तारा निकामी झाल्या व चाके खाली येईनात. इंजिन आणि सुकाणू मात्र चालू होते. तेवढ्याच आधारावर वैमानिकाने विमान तळापर्यंत आणले. धावपट्टीवर फेस पसरला होता, अग्निशामक दल सज्ज होते. आग लागली नाही. वैमानिक सुखरूप बाहेर पडला.

अशा वैमानिकाचे कौतुक होते आणि ते व्हावेच. तथापि या कौतुकात दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ होत असते. माणूस वाचला याचा आनंद आणि किमती विमान वाचले याचे समाधान, ही सरमिसळ निरुपद्रवी नाही. सोसानच्या विमानाचा पुढचा हिशेब पाहिला म्हणजे ते कळून येते. डिसेंबर २०२३ मध्ये दक्षिण कोरियाच्या हवाई दलाने हे विमान कायमचे सेवेतून काढण्याचा निर्णय जाहीर केला. त्याचे सुमारे ३०० भाग बिघडले होते. दुरुस्तीचा अंदाज १४ हजार कोटी वॉनच्या घरात जात होता, तर मूळ खरेदीची किंमत सुमारे ११ हजार कोटी वॉन होती. दुरुस्तीला चार वर्षांहून अधिक काळ लागणार होता. म्हणजे जे वाचले असे सर्वांनी धरले होते ते वाचलेच नव्हते. त्या दिवशी धावपट्टीवर वाचला तो फक्त माणूस.

याच्या नेमकी उलट घटना २ फेब्रुवारी १९७० रोजी अमेरिकेच्या मोंटाना राज्यात घडली होती. सरावात एफ-१०६ जातीचे एक विमान गिरकीत सापडले. सर्व उपाय थकल्यावर वैमानिक इजेक्शन सीटच्या साहाय्याने बाहेर पडला. तो बाहेर पडताच विमानाचा तोल बदलला, रिकामे विमान आपोआप सावरले आणि बर्फाने झाकलेल्या एका शेतात पोटावर अलगद उतरले. नुकसान इतके थोडे होते की दुरुस्तीनंतर ते पुन्हा सेवेत गेले. आज ते ओहायोतील डेटन येथील हवाई दलाच्या संग्रहालयात उभे आहे.

एक वैमानिक विमानात राहिला, आणि विमान गेले. दुसऱ्याने विमान सोडले, आणि विमान राहिले. मग चुकले कोण? दोघांपैकी कोणीही नाही. निर्णय घ्यावयाच्या क्षणी जे दिसत होते, जे हाती होते, त्यावरून दोघांनीही योग्य तेच केले. विमानाचे पुढे काय झाले, या एका मापाने त्यांना मोजू गेल्यास पहिल्याचे शौर्य व्यर्थ ठरते आणि दुसऱ्याचे शहाणपण भित्रेपणा ठरते. हे मापच खोटे आहे.

पोटावर उतरण्याचा निर्णय किती बिकट असतो, हे ध्यानी घेतले पाहिजे. चाके खाली येत नाहीत असे दिसताच वैमानिक प्रथम आणीबाणीची पर्यायी यंत्रणा वापरून पाहतो. नियंत्रण मनोऱ्याजवळून खालून उडत जाऊन चाकांची स्थिती पाहून घेतो. इंधन जाळून भार आणि आगीचा धोका कमी करतो. शस्त्रे सुरक्षित जागी टाकून देतो. तिन्ही चाके बंद असतील तर पोटावर सरळ घसरण्याची आशा असते. एका बाजूचेच चाक उघडले तर विमान कलंडून फिरण्याचा धोका अधिक. आसनासह बाहेर फेकले जाणेही सुखाचे नव्हे, त्या झटक्याने पाठीचा कणा दुखावू शकतो. शिवाय सोडलेले विमान वस्तीवर कोसळण्याची भीती असतेच. या सर्वांचा विचार वैमानिकाने करावयाचा असतो. त्यात विमानाच्या किमतीचा आकडा मात्र असता कामा नये. ते ओझे त्याच्या खांद्यावर टाकण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला नाही.

भारतात या प्रश्नाला अधिकच धार आहे. मे २०१२ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत दिलेल्या माहितीनुसार, तोपर्यंत ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली होती. त्यांत १७१ वैमानिक, ३९ नागरिक आणि अन्य सेवांतील ८ जण मृत्युमुखी पडले होते. कारणे दिली गेली ती मानवी चूक आणि तांत्रिक दोष ही. नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात कामगारांनी ज्यांची जुळणी केली ती मिग-२१ विमाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे निरोप घेऊन सेवेतून गेली. निरोप समारंभपूर्वक झाला. पण 'मानवी चूक' या दोन शब्दांखाली किती वैमानिकांना कायमचे दोषी धरले गेले, त्यांच्यापैकी कितीजण यंत्र वाचविण्याच्या ओढीने क्षणभर अधिक थांबले, याचा हिशेब लोकांपुढे आलेला नाही. हवाई दलाच्या अंतर्गत चौकशीचे अहवाल सामान्यतः प्रसिद्ध होत नाहीत. मृत माणूस आपली बाजू मांडू शकत नाही, आणि बंद कपाटातला अहवाल ती मांडत नाही.

सैनिकी गुपिते उघड करा, असे कोणी म्हणत नाही. परंतु पक्ष्याची धडक, नळीची झीज, सुट्या भागांचा तुटवडा किंवा प्रशिक्षणातील उणीव ही गुपिते नव्हेत. ती जनतेच्या पैशाची आणि जनतेच्या मुलांच्या प्राणांची बाब आहे. प्रत्येक अपघाताच्या चौकशीचा गोपनीय मजकूर वगळलेला अहवाल संसदेपुढे आला पाहिजे. खरेदीचे करार करताना विमानाच्या किमतीइतकाच त्याच्या दुरुस्तीचा खर्च आणि दुरुस्तीचे ज्ञान कोणाच्या हाती राहणार, हे आधी विचारले गेले पाहिजे. सोसानच्या विमानाने हा धडा साऱ्या जगाला दिला आहे. नव्याहून जुन्याची डागडुजी महाग पडावी, अशी यंत्रे गरीब देशांनी विकत घेताना दहादा विचार केला पाहिजे.

आणि प्रत्येक वैमानिकाला, प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशीच, निःसंदिग्ध शब्दांत सांगितले गेले पाहिजे की विमान परत आणता आले तर आण, नाही आणता आले तर तू परत ये. विमानाचा जाब देश खरेदी करणाऱ्यांना विचारील, तुला नाही.