शिकणारा आला की वर्ग भरतो

आमच्या वयाची चार माणसं एकत्र आली की गुडघे, सुना आणि हवा यांच्यानंतर एक विषय हमखास निघतो. ‘काहीतरी नवीन शिकावंसं फार वाटतं हो, पण आपल्या गावात तसले क्लास कुठे आहेत? पुण्या-मुंबईची गोष्ट वेगळी.’ सगळे मान डोलावतात, चहा येतो आणि विषय संपतो.

मला हे पटत नाही. चौतीस वर्षं शाळेत शिकवून मी एक गोष्ट शिकले. वर्ग शिक्षकामुळे भरत नाही, तो विद्यार्थ्यामुळे भरतो. फळा आहे, खडू आहे, तास झालाय, पण समोर कुणीच नाही, तर शिक्षक म्हणजे खोलीत एकटा बसलेला माणूस. आणि शिकायला एक जण जरी येऊन बसला, तरी घराच्या ओसरीची शाळा होते. म्हणून ‘क्लास नाहीत’ असं कुणी म्हटलं की मला विचारावंसं वाटतं, तुम्ही कुणाच्या दारात जाऊन बसलात का?

‘क्लास’ या शब्दाचं आपण काय करून ठेवलंय बघा. आमच्या मिरजेत कुठल्याही रस्त्याने चाला, क्लासच्या पाट्याच पाट्या. दहावी, बारावी, नीट, जेईई, स्पर्धा परीक्षा. ज्याच्या शेवटी मार्क मिळतात त्याची पाटी लागते. ज्याच्या शेवटी फक्त आनंद मिळतो त्याची पाटी लावणार कोण, आणि लावून येणार कोण? त्यामुळे अशा गोष्टी शिकवू शकणारी माणसं गावात असतात, पण दिसत नाहीत. त्यांना शोधावं लागतं.

माझंच उदाहरण सांगते. मला मोडी शिकायची होती. मी शाळेत जायला लागले तोवर मोडी अभ्यासक्रमातून गेलेली होती. घरात मात्र सासऱ्यांच्या वेळच्या पत्र्याच्या ट्रंकेत मोडी कागदांचं एक गाठोडं. मराठी घेऊन बी.ए. झाले, जन्मभर मराठी शिकवलं, आणि आपल्याच घरातलं मराठी मला वाचता येत नव्हतं! तेही अशा गावात, जिथे शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी (१८५८-१९२४) पटवर्धनांच्या दप्तरातले मोडी कागद वाचून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सिद्ध केला. शाळामास्तरच होते तेही.

पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० सालापासूनचं. तिथे मोडीचे वर्ग होतात. सरकारचं पुराभिलेख संचालनालयही अधूनमधून निरनिराळ्या गावी थोड्या दिवसांचे वर्ग भरवतं. ज्यांना जमेल त्यांनी जरूर जावं. मला रोज प्रवास जमणार नव्हता. मग मी एकच केलं. वाचनालयात, दवाखान्यात, देवळाच्या पायरीवर, जो भेटेल त्याला विचारत सुटले, ‘गावात मोडी कुणाला येते हो?’ चौथ्या की पाचव्या माणसाने सांगितलं, ‘अहो बाई, तुमच्या मागच्याच गल्लीत!’

तिथे शहाऐंशी वर्षांचे एक आजोबा निघाले. निवृत्त कारकून, मोडी वडिलांकडून शिकलेले. त्यांचं पहिलं वाक्य, ‘आता हे वाचतंय कोण? आणि मला कुठं शिकवता येतंय?’ मी म्हटलं, ‘तुम्ही वाचा, मी ऐकते. शिकवण्याचं मी बघून घेते.’ झालं. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता त्यांच्या पडवीत वर्ग भरायला लागला. पहिले दोन आठवडे मी एकटीच होते. मग रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले, इतिहास घेऊन बी.ए. करणारा एक मुलगा आला, कचेरीबाहेर बसणारे एक दस्तलेखक आले. चौघांचा पट!

तुम्ही म्हणाल, मोडीची बाराखडी यूट्यूबवर असते की! असते, मी पाहिली आहे, चांगली आहे. २०१४ साली मोडीला युनिकोडमध्येही जागा मिळाली. या साधनांना मी नावं ठेवणार नाही. परंतु यूट्यूब आपल्याला दाखवतं, आपल्याकडे पाहत नाही. मोडीत आधी कागदावर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि अक्षरं तिच्याखाली लिहीत जायची, हात शक्यतो न उचलता. मी प्रत्येक अक्षराला हात उचलत होते. साठ-पासष्ट वर्षांची बाळबोधची सवय! मला ते जाणवतही नव्हतं. आजोबांनी पेन्सिलीने माझ्या मनगटावर टकटक केलं, ‘बाई, हात उडतोय.’ हे सांगायला समोर माणूसच लागतो.

दुसरी गोष्ट, अक्षरं ओळखता आली म्हणजे कागद वाचता येतो असं नाही. दोन शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. वाक्य कुठे संपलं ते आपल्या अकलेवर. जुन्या पत्रात सुरुवातीलाच ‘छ’ आला की आपण गोंधळतो. तो ‘छ’ म्हणजे चंद्र, पुढचा आकडा त्या चांद्र महिन्याची तारीख. ‘मया व अलफ’ म्हणजे अकराशे, कारण मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार. हे सगळं पुस्तकात मिळतं, नाही असं नाही. पण नेमकं जिथे अडलं तिथे, त्याच क्षणी, समोरचा माणूस सांगतो. मग ते डोक्यातून जात नाही.

आणि गंमत सांगू? मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही! जिने चौतीस वर्षं लाल शाईने वेलांट्या आणि उकार दुरुस्त केले, तिला या वयात अशी लिपी भेटावी! पहिल्या दिवशी मी इतकी हसले की आजोबांनी आतून पाणी मागवलं. शिकण्यातला हा भाग आपण विसरूनच गेलोय. परीक्षा नसली की शिकताना हसता येतं.

शिष्यामुळे विद्या पुढे जाते हे काही माझं नवीन म्हणणं नाही. मिरजेला ते सांगायला नको. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९-१९२६) गाणं शिकण्यासाठी उत्तरेत गुरूच्या शोधात वणवणले, म्हणून ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आली. कुणी त्यांना बोलवायला आलं नव्हतं. त्यांच्याचकडे मिरजेत शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गुरूच्या घरी वर्षानुवर्षं राहून सेवा न करताही साध्या माणसाला गाणं शिकता यावं, अशी सोय झाली. आज गावोगावी एखाद्या घराच्या वरच्या खोलीतून पेटीचा आवाज येतो आणि दहा-बारा मुलं ‘प्रारंभिक’च्या परीक्षेची तयारी करत असतात, त्याचं मूळ तिथे आहे. सुरुवातीला एक तरुण घराबाहेर पडला होता, एवढंच लक्षात ठेवायचं.

आपल्याकडे अडचण आणखी एक आहे. ज्याची पदवी नाही त्याला आपण विद्या म्हणतच नाही, आणि बायकांच्या हातात जे असतं त्याला तर नाहीच. ‘त्यात काय, येतंच ते सगळ्यांना!’ आमच्या गल्लीत एक मावशी होत्या. खपली गव्हाच्या रव्याच्या शेवया पाटावर हाताने अशा ओढायच्या की सुताला लाजवतील. दर उन्हाळ्यात गल्लीतल्या सुना म्हणायच्या, ‘मावशी, पुढच्या वर्षी आम्हाला शिकवा हं!’ मावशी हो म्हणायच्या. तीन वर्षांपूर्वी मावशी गेल्या. पाट अजून आहे त्यांच्या घरी. कणीक किती वेळ मळायची, हाताला कधी लवचिक लागली म्हणजे ओढायला घ्यायची, हे त्या पाटाला माहीत नाही. दुकानात शेवया मिळतात, कुणाचं काही अडलेलं नाही, हे मान्य. पण मावशींना आयुष्यात एकदा तरी कुणीतरी गुरू म्हणायला हवं होतं, असं मला राहून राहून वाटतं.

‘उपयोग काय?’ हा प्रश्न तर ठरलेलाच. माझ्या मुलानेही विचारला. ‘आई, या वयात मोडी शिकून काय करणार?’ मी म्हटलं, ‘वाचणार.’ उपयोगाचं म्हणाल तर तो आधी कळत नाही. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. त्या प्रश्नाच्या राजकारणात मला इथे शिरायचं नाही. पण जुन्या महसुली दप्तरांतल्या कितीतरी नोंदी मोडीत निघाल्या, आणि मग जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. पुण्याच्या पेशवे दफ्तरातच कोट्यवधी कागद पडून आहेत असं सांगतात. वाचणारे मोजके. ज्यांनी ‘उपयोग काय’ असं न विचारता ही लिपी शिकून ठेवली होती, तेच ऐनवेळी उपयोगी पडले.

असो. आता थोडं व्यवहाराचं बोलू.

शिकवणारं माणूस सापडलं की ‘आम्हाला एकदा शिकवा ना’ असं मोघम म्हणू नका. त्याला आपल्याकडे काहीच अर्थ नाही, ‘एकदा जेवायला या’ म्हणतात तसंच ते. तीन प्रश्न विचारा. ‘तुम्हाला हे येतं ना?’ ‘मला शिकवाल का?’ आणि ‘कुठल्या वारी, किती वाजता येऊ?’ तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. वार ठरला की वर्ग ठरला.

दुसरं, फी द्या. शेजारचे आहेत, नात्यातले आहेत, नको म्हणतात, तरी द्या. फुकटच्या वर्गाला गैरहजेरी फार, हा माझा शाळेबाहेरचाही अनुभव आहे. आमचे आजोबा पैशाचं नाव काढू देत नव्हते. मग आम्ही चौघं महिन्याच्या पहिल्या मंगळवारी त्यांच्या वहीत तीनशे-तीनशे रुपये ठेवून द्यायला लागलो. त्यातून त्यांनी टेबलावरचा मोठा दिवा आणला, डोळ्यांना त्रास नको म्हणून. शुक्रवारी आम्ही जाण्याआधीच तो लावलेला असतो आणि आजोबा इस्त्रीचा सदरा घालून बसलेले असतात. त्यांची सून मला हळूच म्हणाली, ‘मंगळवार-शुक्रवार त्यांना दुपारची झोपच लागत नाही हो.’ म्हातारपणी कुणीतरी आपली वाट पाहावी असं सगळ्यांनाच वाटतं. पण कुणाची तरी वाट पाहायला मिळणं, हेही थोडं नाही.

तिसरं, शिकवणाऱ्याला शिकवायला मदत करा. ज्याला येतं त्याला ते सांगता येतंच असं नाही. ‘हे असं करायचं’ म्हणून तो झपकन करून दाखवतो. तिथे आपण म्हणायचं, ‘पुन्हा एकदा, सावकाश.’ ‘इथे बोट का वळवलंत?’ चांगले प्रश्न विचारणारा विद्यार्थी साध्या माणसातून शिक्षक घडवतो. मला हे फळ्याच्या दुसऱ्या बाजूने माहीत आहे.

आणि गुरूचं वय पाहू नका. मला मोबाइलवर देवनागरी टाइप करायला शेजारच्या सातवीतल्या मुलीने शिकवलं. ती मला ‘आजी, असं नाही ओ, दाबून धरा!’ म्हणून दटावायची. तिची फी म्हणजे निबंधाचे मुद्दे. तिच्या शाळेत तिला कुणी विचारत नसेल, पण आमच्या घरी ती मॅडम होती.

आमचे आजोबा हल्ली थकलेत. परवाच्या शुक्रवारी दोन ओळी वाचून दमले आणि कागद इतिहासवाल्या मुलाच्या हातात दिला. त्याने पुढची ओळ अडखळत वाचली. एका ठिकाणी चुकला, तेव्हा आजोबा डोळे मिटूनच म्हणाले, ‘पुन्हा बघ.’ त्याने पुन्हा बघितलं आणि बरोबर वाचलं. आता त्या पडवीत मोडी वाचणारे दोन झाले. मी अडीचवी!

तर वाचकहो, सवयीप्रमाणे गृहपाठ देते. आज रात्री एका कागदावर आपल्या घरापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरातल्या पाच माणसांची नावं लिहा, आणि प्रत्येकापुढे त्याला येणारी पण आपल्याला न येणारी एक गोष्ट. गोधडी, तबला, कलमं बांधणं, सायकलचं पंक्चर, उर्दू, काहीही चालेल. पाच नावं आठवली नाहीत तर आपण शेजाऱ्यांना ओळखत नाही, एवढं तरी कळेल. आठवली तर त्यातल्या वयाने सर्वांत मोठ्या माणसाकडे आधी जा. येत्या रविवारी, सकाळी. वही घेऊन.