पासवर्डचा दंडक आणि संशोधनाचा कौल

अमेरिकेतील राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजेच ‘एनआयएसटी’ने, डिजिटल ओळखीविषयीच्या आपल्या मार्गदर्शक सूचनांची चौथी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये अंतिम केली. या विस्तृत दस्तावेजातील एक छोटी तरतूद जगभरातील कार्यालयीन कर्मचाऱ्यांच्या नित्याच्या वैतागाशी निगडित आहे. ठरावीक मुदत उलटली एवढ्याच कारणास्तव कोणालाही पासवर्ड बदलण्याची सक्ती करता येणार नाही, असे ही तरतूद सांगते. २०१७ च्या आवृत्तीत हीच गोष्ट शिफारशीच्या भाषेत होती. आता ती स्पष्ट मनाई झाली आहे. एक मोठे अक्षर, एक अंक, एक चिन्ह हा दंडकही त्यासोबत निकालात निघाला. त्याऐवजी पासवर्ड लांब असावा, संरक्षणाचे तेवढेच एक साधन असेल तर किमान १५ अक्षरांचा असावा, पूर्वी फुटलेल्या पासवर्डच्या यादीशी यंत्रणेने तो स्वतः ताडून पाहावा आणि तो फुटल्याचा पुरावा मिळाला तरच बदलायला लावावा, असा नवा आग्रह आहे.

यातील गंमत अशी की, जुना दंडक रूढ करण्यात याच संस्थेचा मोठा वाटा होता. २००३ मध्ये तिच्या मार्गदर्शिकेला जोडलेले परिशिष्ट बिल बर या अधिकाऱ्याने लिहिले आणि त्यातील सूचना जगभरातील बँका, विद्यापीठे आणि सरकारी खात्यांनी प्रमाण मानल्या. निवृत्तीनंतर, २०१७ मध्ये, आपण लिहिलेल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो, अशी कबुली बर यांनी एका वृत्तपत्राला दिली. माणसे प्रत्यक्षात पासवर्ड कसे निवडतात याची पुरेशी माहिती त्या वेळी त्यांच्या हाती नव्हती. अधिकारी चुकला, यात नवल काही नाही. नवल आहे ते चूक दुरुस्त व्हायला लागलेल्या काळाचे.

कारण या चुकीची चाहूल विद्यापीठांतील संशोधकांना फार आधी लागली होती. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील अॅन अॅडम्स आणि अँजेला सासे यांनी १९९९ मध्ये ‘वापरकर्ते हे शत्रू नव्हेत’ अशा आशयाच्या शीर्षकाचा निबंध प्रसिद्ध केला. अनेक पासवर्ड सांभाळावे लागणारा आणि ते वारंवार बदलावे लागणारा कर्मचारी ते लिहून ठेवतो किंवा जुन्याच शब्दाच्या शेपटीचा आकडा एकाने वाढवतो, असे त्यांना दिसून आले. बेफिकिरीचा आरोप ज्याच्यावर होतो तो कर्मचारी बहुधा आपले काम वेळेत उरकण्याच्या खटपटीत असतो, हा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे २०१० मध्ये नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातील संशोधकांनी बंद झालेल्या सात हजारांहून अधिक खात्यांचे जुने पासवर्ड तपासले. आधीचा पासवर्ड ठाऊक असेल, तर त्यानंतरचा पासवर्ड ४१ टक्के प्रसंगी अवघ्या तीन सेकंदांत संगणकाला ओळखता आला. दर तीन महिन्यांनी होणाऱ्या बदलाने चोराच्या वाटेत फारसा अडथळा उभा राहत नव्हता, हे त्यातून आकड्यांनिशी सिद्ध झाले.

पासवर्डपुरताच हा प्रश्न असता तर त्यावर एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. रुग्णालयांतील चित्र अधिक बोलके आहे. रॉस कॉपेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अमेरिकी रुग्णालयांतील संगणक वापराचा जो अभ्यास मांडला, तो वाचताना हसावे की चिंता करावी, हे कळेनासे होते. डॉक्टर वा परिचारिका जवळून दूर गेली की संगणक आपोआप बंद व्हावा, म्हणून तेथे संवेदक बसवले होते. रुग्णाच्या खाटेपर्यंत जाऊन परत येईतो प्रत्येक वेळी नव्याने प्रवेश करावा लागू नये, यासाठी कर्मचाऱ्यांनी त्या संवेदकांवर थर्माकोलचे कप उपडे घातले. एके ठिकाणी तर चमूतील सर्वांत कनिष्ठ व्यक्तीकडे काम सोपवलेले होते ते सर्वांच्या कळफलकांवरील स्पेसबार अधूनमधून दाबत राहण्याचे. हे लोक नियम मोडण्याची हौस असलेले नव्हते. रुग्णाचा जीव आणि सुरक्षा विभागाचे परिपत्रक यांत निवड करायची वेळ आली, तेव्हा त्यांनी रुग्णाची बाजू घेतली, एवढेच. खोलीत बसून नियम आखणाऱ्याने वॉर्डात एक पाळी काढली असती, तर त्या कपांची गरज पडली नसती.

सासे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या वर्तनाला ‘नियमपालनाचे अंदाजपत्रक’ अशी कल्पना योजली. संस्थेच्या नियमांसाठी कर्मचारी जो वेळ आणि जे श्रम खर्च करायला तयार असतो त्यांना मर्यादा असते. ती संपली की पुढचा प्रत्येक नियम, मग तो कितीही महत्त्वाचा असो, टाळला जातो. मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधील कॉर्मॅक हर्ली यांनी २००९ मध्ये हाच हिशेब अर्थशास्त्राच्या अंगाने मांडला. फसवे दुवे ओळखण्यासाठी प्रत्येक वापरकर्त्याने रोज एक मिनिट जरी खर्च केले, तरी त्या वेळाची किंमत अशा फसवणुकीतून होणाऱ्या थेट नुकसानीच्या शंभरपट भरते, असा त्यांचा अंदाज होता. त्या काळच्या नुकसानीच्या आकड्यांवर तो बेतलेला होता आणि आज तो जसाच्या तसा लागू करणे योग्य होणार नाही. तथापि कर्मचाऱ्याचा वेळ फुकट असतो, या गृहीतकाला त्याने दिलेला धक्का आजही खरा आहे.

प्रशिक्षणाचेही तेच. बनावट ई-मेल पाठवून कर्मचाऱ्यांची परीक्षा घ्यायची आणि फसेल त्याला तिथल्या तिथे धडा द्यायचा, ही पद्धत मोठ्या कंपन्यांत रुळली आहे. झुरिच येथील ईटीएच विद्यापीठाच्या संशोधकांनी एका कंपनीतील १४ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांवर १५ महिने प्रयोग करून २०२२ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अशा धड्यांनी कर्मचारी सावध झाले नाहीत. उलट काहींच्या बाबतीत फसण्याचे प्रमाण वाढले. सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या आरोग्यसेवेतील सुमारे १९,५०० कर्मचाऱ्यांचा आठ महिन्यांचा अभ्यास २०२५ मध्ये पुढे आला. प्रशिक्षण मिळालेले आणि न मिळालेले यांच्या फसण्यातील फरक होता अवघा १.७ टक्के. पासवर्ड बदला, अशा ई-मेलला दोन टक्क्यांहून कमी लोक भुलले. रजेच्या धोरणात बदल झाल्याची थाप मात्र ३० टक्क्यांहून अधिकांना खरी वाटली. रजेचा विषय निघाला की भल्याभल्यांची सावधगिरी गळून पडते, हे सांगायला खरे तर संशोधकांची गरज नव्हती!

महाराष्ट्राला या विषयाचे गांभीर्य पटवून देणारी घटना पुण्यात घडली. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस सहकारी बँकेवर झालेल्या सायबर हल्ल्यात दोन टप्प्यांत सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या जागी बनावट यंत्रणा उभी राहिली आणि २८ देशांतील एटीएममधून काही तासांत पैसे निघाले. पाठोपाठ ‘स्विफ्ट’द्वारे सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगमधील खात्यात वळवले गेले. काउंटरवरील लिपिकाने किती दिवसांपूर्वी पासवर्ड बदलला होता, या प्रश्नाला पैसे वाहत असलेल्या त्या तासांत काहीही अर्थ नव्हता. नेहमीपेक्षा वेगळे काही चालले आहे, हे यंत्रणेने ओळखून व्यवहार रोखणे, हाच तेथे कळीचा मुद्दा होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट जारी केली.

मग संशोधन एवढे स्पष्ट असताना जुने दंडक टिकतात का? एक कारण लेखापरीक्षणात आहे. पासवर्ड ९० दिवसांनी बदलतो का, प्रशिक्षणाला किती जण हजर होते, हे मोजता येते आणि तक्त्यात भरता येते. शिवाय मानकांचेच आपसांत एकमत नाही. कार्डव्यवहारांसाठीच्या ‘पीसीआय डीएसएस’ या मानकाच्या २०२२ मधील चौथ्या आवृत्तीतही, केवळ पासवर्डवर विसंबणाऱ्या प्रवेशासाठी, ९० दिवसांत बदल हा एक पर्याय कायम आहे. दुसरे कारण अधिक अप्रिय आहे. काही घडलेच तर ‘कर्मचाऱ्याने नियम पाळला नाही’ असे म्हणण्याची सोय लांबलचक नियमावलीत असते. शिक्षेच्या धाकाने वर्तन सुधारते, ही समजूतही मिक्को सिपोनेन आणि अँथनी व्हान्स यांच्या २०१० मधील अभ्यासात टिकली नाही. कोणाचेच नुकसान झाले नाही किंवा काम अडले होते, अशी समर्थने माणसाजवळ तयार असली की शिक्षेच्या भीतीचा प्रभाव उरत नाही, असे त्यांना आढळले.

याउलट माणसाच्या खांद्यावरील भार काढून घेणारे उपाय लागू पडतात. गुगलने २०१७ च्या सुरुवातीला सर्व कर्मचाऱ्यांना छोटी भौतिक किल्ली दिली. त्यानंतर ८५ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांपैकी एकाचेही खाते फसवणुकीने हाती लागले नाही, असे कंपनीने २०१८ मध्ये सांगितले. झुरिचच्या त्याच प्रयोगात संशयास्पद ई-मेल कळवण्यासाठी दिलेले साधे बटण उपयोगी ठरले. कर्मचाऱ्यांनी ते अनेक महिने न कंटाळता वापरले. भारतीय बँकांची संकेतस्थळे ‘बँक डॉट इन’ या राखीव पत्त्यावर ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आणण्याचा रिझर्व्ह बँकेचा आदेशही याच जातीचा आहे. खऱ्याखोट्याची पारख ग्राहकाच्या नजरेवर सोडण्यापेक्षा पत्ताच बोलका करणे केव्हाही शहाणपणाचे.

आता कायद्याचा पैसाही पणाला लागला आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार ‘वाजवी सुरक्षा उपाय’ न योजणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून संस्थांवरील प्रमुख बंधने १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत. सांकेतिकीकरण, प्रवेशावर नियंत्रण, वर्षभर जपायच्या नोंदी यांचा उल्लेख नियमांत आहे. ‘वाजवी’ कशाला म्हणायचे, हे प्रत्यक्ष प्रकरणांतून ठरेल. एखादी संस्था चौकशीत प्रशिक्षणाच्या हजेरीपटाची फाईल पुढे करील, तेव्हा ते पुरेसे मानायचे की त्या प्रशिक्षणाने काय साधले, हेही विचारायचे, याचा निर्णय विदा संरक्षण मंडळाला करावा लागणार आहे.