धाकटीचा नंबर लागला, थोरल्याचं काय?



परवा आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई पेढे घेऊन आल्या. "आंटीजी, छोटी का नंबर आ गया!" शिक्षण हक्क कायद्याच्या ऑनलाइन सोडतीत त्यांच्या मुलीला खासगी शाळेत पहिलीला जागा मिळाली. फॉर्म मीच माझ्या मोबाइलवरून भरला होता, त्यामुळे पेढा हक्काने खाल्ला. "और बड़ा?" असं मी विचारलं, तर "वो तो सरकारी में ही है," म्हणून त्या भांड्यांकडे वळल्या.

तो थोरला माझा विद्यार्थी. इथे पडावातल्याच एका सरकारी प्राथमिक शाळेत मी निवृत्तीनंतर आठवड्यातून दोनदा गणित शिकवायला जाते. चारेक वर्षांपूर्वी तिथे शंभराच्या वर मुलं होती, आता अठ्ठावीस आहेत. पाच वर्ग आणि दोन शिक्षिका. कायद्याचं कोष्टकच तसं आहे, साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक.

समग्र शिक्षा योजनेत शाळेला वर्षाचं एकत्रित अनुदान पटावरून मिळतं. तीस मुलांपर्यंत 10,000 रुपये, शंभरपर्यंत 25,000, अडीचशेपर्यंत 50,000. खडू, रजिस्टर, दुरुस्ती, वीज सगळं त्यात, आणि निदान दहावा हिस्सा स्वच्छतेवर. आता कोणी हिशेबी माणूस म्हणेल, दहा हजार भागिले अठ्ठावीस, म्हणजे मुलामागे साडेतीनशेच्या वर. मोठ्या शाळेपेक्षा जास्तच! खरं आहे. पण गळणारं छप्पर मुलं मोजून गळत नाही. शंभर मुलं असताना जेवढ्या खोल्या होत्या तेवढ्याच आजही आहेत.

इकडे धाकटीच्या खासगी शाळेला सरकार तिच्यामागे पैसे देणार. कायद्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे सरकारचा दरडोई खर्च किंवा त्या शाळेची फी, यातलं जे कमी असेल ते. त्याबद्दल माझी तक्रार नाही, त्या पोरीचं भलंच होईल. पण अशी दहा मुलं गेली की मागे राहिलेल्यांची शाळा अजून आकसते. आणि मागे कोण राहतं? ज्यांचा फॉर्म भरायला कोणी नव्हतं ते.

हे दुखणं जुनंच आहे. 1882 साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी हेच मांडलं होतं की महसूल येतो कष्टकरी रयतेकडून आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या शिक्षणावर. प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा, अशी मागणीही त्यांनी केली. आपल्या ग्वाल्हेरात 1897 साली शाळा निघाली ती सरदारांच्या मुलांसाठी. किल्ल्यावरची सिंधिया शाळा ती हीच. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा कुठे संस्थानाची तिजोरी खेड्यातल्या पोरांसाठी उघडली.

आपल्यापैकी ज्यांची नातवंडं इंग्लंडात शिकतात त्यांना ठाऊक असेल, तिथे 2011 पासून गरीब घरच्या प्रत्येक मुलामागे शाळेला सरकारकडून जादा रक्कम मिळते. मुलगा गरीब म्हणून पैसा जास्त, हा हिशेब मला पटतो. आपल्याकडे एवढं तरी व्हावं: शाळा चालू ठेवायला लागणारी किमान रक्कम पट कितीही असो मिळावी, आणि ज्यांचे आईबाप मजुरी करतात अशा मुलांमागे वर भर पडावी. यजमान म्हणतात, "मग रिकाम्या शाळाही पोसायच्या का?" प्रश्न चुकीचा नाही. दोन शाळा अगदी शेजारी असतील तर जरूर एक करा. पण मध्ये मोठा रस्ता असेल तर सहा वर्षांच्या मुलाला तो ओलांडायला लावू नका. पडावाच्या पुलाखालची संध्याकाळची गर्दी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

काल शाळेत गेले तेव्हा थोरल्याने भागाकार करता करता विचारलं, "मॅडम, छोटी के स्कूल में कंप्यूटर है क्या?" मी म्हटलं, आहे. त्याने मान डोलावली आणि उरलेली बाकी खाली उतरवून घेतली.