हक्क आहे, माहिती हवी



दारिद्र्यामुळे कोणीही न्यायास मुकू नये, असे भारतीय संविधानाचे कलम ३९-अ सांगते. पत्रकार शीला बर्से यांनी मुंबईच्या कोठड्यांतील स्त्रियांची व्यथा मांडली. तेव्हा १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की अटक होताच पोलिसांनी विधी साहाय्य समितीला कळवावे. २००६ साली त्याच न्यायालयाने बजावले, की आईसोबत तुरुंगात राहणारे सहा वर्षांपर्यंतचे बालक कैदी नव्हे. आहार, औषधोपचार व शिक्षण हा त्याचा हक्क आहे.

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये स्त्रिया, बालके, कोठडीतील व्यक्ती आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९९० पासून अनुसूचित जातींतून बौद्ध झालेले आपले बांधवही त्यात येतात. तरीही अटकेच्या रात्री हे घरच्यांना ठाऊक नसते. दागिने मोडले जातात, सावकाराचा उंबरठा झिजतो.

न्याय शिक्षेपाशी संपत नाही. भगवान बुद्धांनी अंगुलिमालाला संघात घेतले. लोकांनी त्याला दगड मारले, पण त्यानेच प्रसववेदनांनी तळमळणाऱ्या मातेसाठी सत्यवचन उच्चारले. सुटून आलेल्या माणसाला केलेल्या हानीची भरपाई करण्याची संधी आणि घराचे दार, दोन्ही मिळाले पाहिजे.

बंधुभगिनींनो, देणगीइतकीच माहितीही मोलाची आहे. गावी दूरध्वनी कराल तेव्हा तालुका विधी सेवा समिती आणि १५१०० हा क्रमांक अवश्य सांगा. आपल्या एका वाक्याने एखाद्या मातेची कोठडी लवकर उघडेल, अशी आम्हांस आशा आहे.