बी एकटंच दोषी नसतं!

हापूसचं कलम घाटावर नेऊन लावलं तर झाड वाढतं, आंबाही धरतो. पण चव रत्नागिरीची येत नाही. शेवटी जमीन, हवा, पाणी यांचाही वाटा असतोच ना? १८८९ साली स्टीफन पॅजेट या इंग्रज सर्जनने कॅन्सरबद्दल नेमकं हेच म्हटलं. स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्यावर त्याला दिसलं, की हा रोग वाटेल तिथे पसरत नाही. यकृतासारखे ठरावीक अवयव निवडतो. पेशी हे बी, आजूबाजूचं ऊतक ही जमीन!

पुढे १९८४ मध्ये मिना बिसेल यांच्या प्रयोगशाळेत आणखी गंमत दिसली. कोंबडीच्या पिलात गाठ करणारा विषाणू अंड्यातल्या गर्भात टोचला, तर गाठ होईना. विषाणूचं जनुक तेच, परिसर वेगळा.

आता आपल्या ब्रँचची गोष्ट. पेशीभोवती कोलॅजनच्या तंतूंची जाळी असते. पेशी ती धरून ओढते आणि किती ताठ आहे ते चाचपते. चक्क स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सचं प्रॅक्टिकल! जाळी ताठ लागली, तर पेशीला वाढीचे संदेश जोरात मिळतात.

हे सगळं इथे सांगायचं कारण म्हणजे सुपारी. सबमिशनच्या रात्री जागायला एक पुडी, आणि वर समर्थन : "यात तंबाखू नाही रे!" पण सुपारीतलं अरेकोलिन तंतू तयार करणाऱ्या पेशींना चेतवतं. सुपारीतलं तांबं त्या तंतूंना एकमेकांत घट्ट बांधणाऱ्या एन्झाइमला बळ देतं. गालाचं मऊ अस्तर चामड्यासारखं ताठ होतं, तिखट सोसत नाही, तोंड उघडेनासं होतं. मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्येच या विकाराचं वर्णन केलं होतं. यातल्या काही रुग्णांना पुढे तोंडाचा कॅन्सर होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००४ मध्ये तंबाखूविना सुपारीही कॅन्सरकारक ठरवली. थोडक्यात, सुपारी बीही नासवते आणि जमीनही.

"आमचे आजोबा जन्मभर पान खात होते, काय झालं?" असं कुणी म्हणेल. काही झालं नसेलही. पण एक आजोबा म्हणजे सॅम्पल नव्हे, हे स्टॅटिस्टिक्सच्या पेपरला आपणच लिहितो. शिवाय जेवणानंतरचा एक विडा वेगळा आणि अठराव्या वर्षापासून दिवसभर गालात धरलेली पुडी वेगळी.

महाराष्ट्र सरकारने जुलै २०१२ मध्ये गुटखा-पानमसाल्यावर बंदी घातली. नुसत्या कायद्याने सवय जाते असं मला वाटत नाही, आणि रेक्टरांनी खोल्या तपासूनही जाणार नाही. त्याऐवजी दरवर्षी होस्टेलवर दाताच्या डॉक्टरांकडून तोंडाची तपासणी व्हावी. गॅदरिंगला वर्गणी काढतो, तशी यालाही काढू. तोपर्यंत एक साधी चाचणी : आपली तीन बोटं, एकावर एक, उभी तोंडात जातात का पाहा. जात नसतील तर लगेच डॉक्टर गाठा. ताठ झालेली जाळी सहसा पूर्ववत होत नाही. पुडी सोडली तर निदान पुढचं नुकसान टळू शकतं.

आपल्या पेशींच्या जनुकांवर आपला इलाज नाही. जमीन राखणं मात्र बरंचसं आपल्या हातात आहे. आणि हो, शेजारच्या कॉटवरचा मित्र हल्ली वडापाव बारीक तुकडे करून खात असेल, तर हसू नका. विचारा त्याला.