निंदणी करणाऱ्या बायांचीं मनगटें

पीक व बैल यांच्या दुखण्याविषयीं आमचे कृषिबंधु मोठ्या आस्थेनें बोलतात. परंतु ज्या हातांनीं पीक निंदलें जातें, त्यांची वास्तपुस्त सहसा कोणी करीत नाहीं. खुरपें धरून दिवसभर उकिडवें बसलेल्या बाईचें मनगट एकच हालचाल हजारों वेळां करतें. तेणेंकरून मनगटांतील स्नायूंच्या दोऱ्या सुजतात, त्यांच्याजवळून जाणारा मज्जातंतु दाबला जातो, आणि रात्रीं अंगठा व त्याच्या शेजारचीं दोन बोटें बधिर होतात. सकाळीं मूठ वळत नाहीं. आपण मात्र तिला कामचुकार म्हणून मोकळे होतों.

हें दुखणें नवें नव्हे. इटालींतील वैद्य रामाझिनी यांनीं धंद्यांपासून होणाऱ्या रोगांवरील आपल्या ग्रंथाच्या १७१३ सालच्या आवृत्तींत कारकुनांच्या हातांचें दुखणें वर्णिलें असून, एकसारखी बैठक, हाताची अखंड हालचाल व मनावरील ताण हीं त्याचीं कारणें दिलीं आहेत. उतारे लिहितां लिहितां ज्यांचीं बोटें आखडलीं, अशा आम्हां महसुली कारकुनांस याचा निराळा पुरावा नको!

कंबरेचीही तीच गत. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत लेट्यूस व बीटच्या शेतांत मजुरांस आखूड दांड्याच्या कुदळीनें दिवसभर वाकून काम करावें लागे. दांडा लांब केल्यास रोपें तुटतील, असें जमीनदार म्हणत. १९७५ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर त्या कुदळीस बंदी झाली. लेट्यूसची शेती कांहीं बुडाली नाहीं.

आपल्याकडेही उभ्यानें चालविण्याचें हातकोळपें मिळतें. पेरणी सरळ ओळींत असल्यास बरेंच तण त्यानें निघतें व खुरप्यास रोपांच्या बुडाशींच काम उरतें. कापणीस दापोलीच्या कृषि विद्यापीठाचा दातेरी ‘वैभव’ विळा आहे. त्यास वरचेवर धार लावावी लागत नाहीं. बोथट खुरप्यास जोर अधिक लागतो, हें कोणास ठाऊक नाहीं? तरी कानस शेतावर नेणारे थोडेच.

पैसे कोणी द्यावयाचे? आमच्या मतें मालकानें. कारण अवजार व कामाची गति तोच ठरवितो. निंदणी उक्ती दिली म्हणजे बाई पाठ सरळ करण्यासही थांबत नाहीं. सबब ती रोजानेंच द्यावी, आणि दुपारनंतर काम पालटावें. हात बधिर झाल्याचें जी सांगेल, तिची मजुरी न कापतां तिला दवाखान्यांत धाडावें. वेळींच दाखविल्यास विश्रांतीनें व रात्रीं मनगटास आधार बांधून पुष्कळदां भागतें. उशीर झाल्यास शस्त्रक्रियेची पाळी येते.