शिक्षा कमी वाटली तर दाद कुणी मागायची?

भैरवनाथाच्या यात्रेला सोनारीत गेलो होतो. चहाच्या हॉटेलात एका चाचांनी विचारलं, "बेटा, तू कंप्युटरवाला. सांग, गाडीखाली सात माणसं मारली तर किती वर्षं?" मी म्हणालो, "सहा महिने." सगळे हसले.

मी चेष्टा करत नव्हतो. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली. सात मेले, आठ जखमी. सत्र न्यायालयानं निष्काळजीपणाचं कलम ३०४-अ लावलं : सहा महिने साधी कैद आणि पाच लाख दंड. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि सदोष मनुष्यवध धरून तीन वर्षं सक्तमजुरी दिली. १२ जानेवारी २०१२ ला सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली, वर म्हटलं की तीन वर्षंही फार कमी आहेत. पण शिक्षा वाढवून मागायला सरकार आलेलंच नाही.

माझी तक्रार इथे आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४१८ खाली कमी शिक्षेविरुद्ध अपील फक्त सरकार करू शकतं. पीडिताला कलम ४१३ खाली तीनच गोष्टींवर अपील : आरोपी सुटला, हलकं कलम लागलं किंवा भरपाई कमी मिळाली. शिक्षा कमी वाटली, तर नाही. ज्याच्या घरचं माणूस गेलं, त्यानं सरकारी वकिलाच्या मर्जीवर राहायचं?

पण व्हॉट्सॲपवर 'फाशीच द्या' लिहिणाऱ्या दोस्तांनी नाशिकचा खटलाही वाचावा. २००६ मध्ये भटक्या जमातीतल्या सहा गरिबांना फाशी झाली. उच्च न्यायालयानं तिघांची जन्मठेप केली. सरकारच्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये सहाही जणांना फाशी दिली, आणि ५ मार्च २०१९ ला त्याच न्यायालयानं सहाही निर्दोष ठरवले. म्हणून पीडिताला अपिलाचा हक्क द्या, पण शिक्षा वाढवताना अपील कोर्टानं आधी पुरावा पुन्हा तपासलाच पाहिजे. आरोपीलाही त्या अपिलात निर्दोष असल्याचं म्हणता येतं. हे आपल्याकडे किती जणांना माहीत असतं?

तोवर हातात आहे ते करा. निकालपत्रातला शिक्षेबद्दलचा भाग वाचा, तिथे कारणं दिली आहेत का बघा. कैद झालेल्याला निकालाची प्रत फुकट मिळते. मॅजिस्ट्रेटच्या निकालावर सत्र न्यायालयात ३० दिवस, सत्र न्यायालयाच्या निकालावर उच्च न्यायालयात ६० दिवस. आपल्या धाराशिवसाठी औरंगाबाद खंडपीठ. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. चाचांना मी एवढंच सांगितलं. ते म्हणाले, "हे लिहून दे."